जेवून दोन तासांनी

मागच्या महिन्यात बाबांची शुगर तपासायला त्यांना घेऊन लॅबमध्ये गेले होते. उपाशीपोटीचं रक्त देऊन झालं, आता पीपीसाठी, म्हणजे खाल्ल्यानंतरच्या शुगरसाठी, नाश्ता करून दोन तासांनी परत यायचं म्हणून आम्ही निघतच होतो, तेवढ्यात बाकावर बसलेल्या एका आजींनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. डब्यात घडी घातलेल्या पोळ्या, दुधीची भाजी, कोपऱ्यात लसणाची चटणी. त्यांनी अर्धी पोळी मोडली, जराशा भाजीला लावून सावकाश खाल्ली, वर घोटभर पाणी प्यायल्या नि डब्याचं झाकण लावून टाकलं. शेजारी मुलगा बसला होता, तो म्हणाला, "आई, एवढंच?" तर त्या अगदी सहज म्हणाल्या, "पीपी द्यायचीय ना अजून. पोटभर खाल्लं की वाढलेली येणार, मग तू परत बोलणार." मुलगा काहीच बोलला नाही, त्याने मोबाइल काढला. आजींनी डबा पिशवीत ठेवला, पदराने तोंड पुसलं नि समोरच्या घड्याळाकडे बघत बसल्या.

ते "तू परत बोलणार" माझ्या डोक्यातून काही जाईना.

म्हणजे बघा, ही टेस्ट कशासाठी असते, तर तुम्ही रोज जे जेवता ते जेवल्यावर तुमचं शरीर त्याचं काय करतं हे बघायला. नि आपण काय करतो, तर त्या एका दिवसापुरतं वेगळंच जेवतो. अर्ध्या पोळीवर आकडा येणार १३५ वगैरे, डॉक्टर म्हणणार छान, गोळ्या आहेत त्याच चालू ठेवा, नि घरी गेल्यावर आजी नेहमीसारखा वाटीभर भात खाणार तेव्हा तीच शुगर कुठे जाते हे कुणालाच कळणार नाही. बरं यात फसवाफसवी करायचा त्यांचा काही हेतू नव्हता हो, त्यांना फक्त बोलणी खायची नव्हती. आमच्याकडेही हेच व्हायचं. टेस्ट जवळ आली की बाबा आठवडाभर गोड बंद, रात्री लवकर जेवण, चहा बिनसाखरेचा, नि रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी मस्त भजी. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, सुरू झाल्यापासून ते जरा कमी झालं, कारण तिथे आठवडाभराची तयारी फारशी चालत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या काळात त्यांना जी साखर चिकटली ती तिथे दिसते. पण तीसुद्धा शेवटी सरासरीच ना, त्यात दुपारची चढण नि पहाटेची उतरण एकमेकींत मिसळून जातात, नि अंगात लोह कमी असेल तर आकडा उगाच वर दिसू शकतो, जे आपल्या घरातल्या कितीतरी बायकांचं असतंच.

मला माझे आजोबा आठवतात. चिपळूणजवळचं आमचं घर, मागच्या पडवीत एका फळीवर निळ्या द्रवाची बाटली, काचेची नळी, लाकडी चिमटा नि स्पिरिटचा दिवा. तेव्हा घरी रक्त तपासायची मशीनं कुठली, लघवी तपासायचे. बेनेडिक्टचं सोल्यूशन म्हणायचे त्या निळ्याला. नळीत ते पाच मिली घ्यायचं, ड्रॉपरने आठ थेंब लघवी टाकायची नि दिव्यावर नळी हळूहळू हलवत उकळायची. मी लहान होते, मला नळी धरायला मिळायची नाही पण शेजारी उभं राहून बघायला परवानगी होती. स्पिरिटचा तो उग्र गोडसर वास, निळ्या पाण्याला येणारे बुडबुडे, नि मग रंग बदलायची वाट बघणं. निळाच राहिला तर आजोबा खूष. हिरवट झाला तर "हं". पिवळा, मग नारिंगी, नि फारच साखर असेल तर खाली गाळ बसायचा तो थेट आमच्या घराच्या चिऱ्यासारखा लाल. आजी स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची, "काय रंग आला?" नि आजोबांच्या उत्तरावर रात्री भात किती शिजायचा ते ठरायचं.

आता कळतं की तो निळा रंगसुद्धा फार काही सांगत नव्हता. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय मूत्रपिंड ती बाहेर सोडतच नाही, म्हातारपणी तर कधीकधी त्याहूनही पुढे. म्हणजे १७० असली तरी नळीत निळंच. शिवाय लघवी आधीच्या काही तासांत साठलेली, त्यामुळे ती आत्ताचं नाही, मागचं बोलते. आजोबा निळ्यावर खूष व्हायचे नि आत काय चाललं होतं कुणाला ठाऊक. पण त्या माणसाचं एक मला फार आवडतं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर रंगाच्या शेजारी बारीक अक्षरात लिहायचे, "काल बारसे. बुंदी." किंवा "चालणे झाले नाही, पाऊस." रंग नि कारण शेजारी शेजारी. आजही लॅबच्या रिपोर्टवर नाव, वय, आकडा, नॉर्मल रेंज सगळं असतं, पण काय खाल्लं नि पहिला घास किती वाजता घेतला याला एक ओळसुद्धा जागा नसते. मला वाटतं ती असायला हवी. कारण दोन तास मोजायचे ते जेवायला सुरुवात केल्यापासून, नि आपले बहुतेक लोक हात धुतल्यापासून मोजतात. सावकाश जेवणाऱ्याचा त्यात अर्धा तास सहज जातो.

एक हिशोब मला कळला तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. साखर १०० म्हणजे १०० मिलीला १०० मिलीग्रॅम. म्हणजे अख्ख्या रक्तात मिळून साखर किती, तर पाच ग्रॅम. एक चहाचा चमचा! डोक्यापासून पायापर्यंत सगळं चालतं त्या एका चमच्यावर. २०० झाली म्हणजे दोन चमचे. नि आपण एका बैठकीत वाटीभर भात खातो त्यात चाळीसेक ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, म्हणजे रक्तात एरवी असते त्याच्या सात-आठ पट साखर तासा-दोन तासात आतड्यातून आत येते. तरीसुद्धा निरोगी माणसाचा आकडा थोडा वर जातो नि परत खाली येतो, दोन तासांनी १४० च्या आत. हे दिवसातून तीन-चार वेळा, वर्षानुवर्षं, आपल्याला काही न कळता होत राहतं. मला तर हे समजल्यावर शुगर वाढणाऱ्या माणसाचा राग येण्याऐवजी न वाढणाऱ्या शरीराचंच फार नवल वाटायला लागलं.

ते होतं कसं हे आमच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. घास तोंडात असतानाच पिष्टाचं तुटणं सुरू होतं, मग अन्न आतड्यात पोचलं की आतडंच स्वादुपिंडाला निरोप पाठवतं की माल येतोय, तयार राहा. म्हणून तेवढंच ग्लुकोज शिरेतून दिलं तर जेवढं इन्सुलिन सुटतं त्यापेक्षा तोंडाने घेतल्यावर जास्त सुटतं. निरोगी स्वादुपिंडात थोडं इन्सुलिन तयार भरून ठेवलेलं असतं, ते पहिल्या काही मिनिटांत एकदम सुटतं, नि त्याने मुख्य म्हणजे लिव्हरला कळतं की आता तुझ्याकडची साखर सोडू नकोस, बाहेरून आलीय. डायबेटीसमध्ये हा पहिला झटकाच आधी नाहीसा होतो. इन्सुलिन येतं पण उशिरा येतं. तोवर जेवणातली साखर आत येत असते नि लिव्हरही आपली सोडत बसलेलं असतं, दोन्हीकडून भर. म्हणून कितीतरी जणांची उपाशीपोटीची चांगली असते, ९५, ९८, नि जेवल्यावरची मात्र बिघडलेली. फक्त फास्टिंग करून "मला काही नाही" म्हणत फिरणारे आपल्यात किती असतील. (याबद्दल पुढे सांगतेच, घरातलंच आहे.)

बाबा तर किडकिडीत. त्यांना शुगर निघाली तेव्हा अख्ख्या सोसायटीने आश्चर्य केलं होतं, अहो तुम्हाला कुठे, तुम्ही तर केवढे सडपातळ. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं या विषयावरचं काम तेव्हा मी पहिल्यांदा वाचलं. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा नि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के नि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही बारीकच. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३ पासून आया नि बाळांचा जो अभ्यास त्यांनी चालवला त्यातही तेच दिसलं, की आपली बाळं जन्मतः वजनाने कमी पण त्या मानाने चरबी राखून असलेली. म्हणजे बाबांच्या त्या बारीक दंडाआड स्नायू थोडा नि पोटाच्या आत चरबी जास्त, नि जेवणातली साखर मुख्यतः जिथे जायला हवी ते स्नायूच कमी. हे वाचलं तेव्हा मला बाबांच्या लहानपणाची आठवण झाली, म्हणजे त्यांनी सांगितलेली, पेज नि वर मिरची खाऊन शाळेत चालत जायचे ते. त्यात त्यांची काय चूक होती सांगा. नि हे काही आमच्या घरापुरतं नाही, २०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या पाहणीचे आकडे आले त्यात देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटीस निघाला, नि आमच्या कोकणाला लागून असलेल्या गोव्यात तर प्रमाण २६.४ टक्के, दर चार मोठ्या माणसांमागे एक. इतक्या सगळ्या माणसांना जिभेवर ताबा नाही असं थोडंच आहे.

माझ्या भावाने मग बाबांच्या दंडाला सतत साखर मोजणारा तो सेन्सर आणून लावला. दंडाच्या मागच्या बाजूला रुपयाएवढी चकती, आत एक केसासारखी बारीक तार, नि मोबाइल जवळ नेला की आकडा. पंधरवडाभर टिकतो. पहिल्या दिवशी बाबा तासातासाला दंड पुढे करायचे, "बघ गं काय म्हणतंय." नि तेव्हा पहिल्यांदा आम्हाला दोन तासांचा आकडा म्हणजे काय ते दिसलं. सकाळचे पोहे, नेहमीची भरलेली प्लेट, वर खोबरं कोथिंबीर, सोबत चहा. तासाभरात २३४. दोन तासांनी १६८. लॅबमध्ये गेलो असतो तर १६८ च छापून आलं असतं, डायबेटीस असलेल्यांसाठी सांगतात त्या १८० च्या आत म्हणून आम्ही समाधानाने घरी आलो असतो, नि मधलं ते शिखर कुणाला कळलंच नसतं. दुसऱ्या दिवशी आईने आधी वाटीभर मटकीची उसळ दिली नि मग पोहे निम्मे, तर जास्तीत जास्त १८५. तिसऱ्या वेळेला मुगाचं धिरडं, तेव्हा त्याहून कमी. बाबांचे डोळे चमकत होते, खरंच सांगते. इतकी वर्षं नुसतं "हे खाऊ नका" ऐकलेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतःला काहीतरी करून बघता येत होतं.

मग भातावर प्रयोग. आपल्याकडे पंगतीत पहिला येतो वरणभात, वर तूप, लिंबू पिळायचं, मग पोळी, मग मधला भात, शेवटी ताकभात. म्हणजे उपाशी पोटात आधी भातच. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली एक छोटा अभ्यास झाला होता, अवघे ११ जण होते त्यात, पण जेवण तेच, फक्त क्रम बदलला, आधी भाजी नि चिकन खाऊन पिष्टाचं शेवटी ठेवलं तर तासाभराचा आकडा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खाली. मी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे काय, भात शेवटी? नैवेद्याच्या ताटावरही मी आधी काकडीच खाऊ?" नि मग दुसऱ्या दिवशी गुपचूप आधी कोशिंबीर, मग उसळ, मग आमटीबरोबर थोडा भात खाऊन दंड पुढे केला. फरक पडला होता. आंबेमोहोराचा वास आधी येतो नि भात मात्र शेवटी मिळतो हे त्यांना अजूनही जड जातं, ते मला दिसतं, नि मलाही वाईट वाटतं. आधणात तांदूळ पडले की घरभर जो वास सुटतो त्यावर हा माणूस वाढलाय. डॉक्टरांनी भात बंद करा असं कधीच म्हटलं नाही हे मी इथे मुद्दाम लिहितेय, बंद करा असं म्हणणारे सगळे नातेवाईक होते.

शतपावली तर त्यांची आधीपासूनचीच, पण ती झोपायच्या आधी दहा-साडेदहाला व्हायची. ती आता जेवण झाल्या झाल्या घेतात, गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातात रेडिओ. स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता ओढून घेतात, त्यामुळे चढण सुरू व्हायच्या वेळेलाच चाललं तर जास्त उपयोग. आलेखावर ते स्पष्ट दिसायचं, न चाललेल्या दिवसाची रेघ उंच टेकडीसारखी नि चाललेल्या दिवसाची बसकी.

पण आकड्याला विचारावंही लागतं बरं का, नुसतं ऐकून चालत नाही. एकदा मध्यरात्री सेन्सरचा अलार्म वाजला, मोबाइलवर ५८. सगळे उठलो, आईचे हात थरथरत होते, तिने ग्लुकोजचा डबा काढला. बाबा मात्र डोळे चोळत बसलेले, घाम नाही, धडधड नाही, "मला काही होत नाहीये गं." बोटाला टोचून बघितलं तर ११६. सेन्सर लावलेल्या दंडावरच ते झोपले होते, दाब पडला की तिथला आकडा खोटा कमी दाखवतो. तो मुळात रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळे एरवीही तो रक्ताच्या काही मिनिटं मागेच असतो.

नि दुसरा प्रसंग त्याआधीच्या मे महिन्यातला, तेव्हा सेन्सर नव्हता. गावाहून हापूसची पेटी आलेली, बाबांनी नातवंडांना आंबे चिरून दिले, कोयी पोरांनी चोखल्या, सगळीकडे रस रस. नंतर दुपारी आईने मशीन काढलं, बोटाला स्पिरिटचा बोळा फिरवून टोचलं, तर ३४१. आई एकदम म्हणाली, "खाल्लात ना? खरं सांगा." बाबा म्हणाले एक फोडसुद्धा तोंडात घातली नाही. तिचा विश्वास बसेना. मी कुठेतरी वाचलं होतं म्हणून त्यांना साबणाने हात धुवायला लावले, नीट पुसले, दुसऱ्या बोटाला टोचलं. १६३. फळाचा रस बोटावर राहिला की पट्टी तोच मोजते, नि तो नुसत्या स्पिरिटने जात नाही, पाण्यानेच धुवावा लागतो. आई हसली, सुटल्यासारखं झालं तिला. बाबा हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत ते कुणाशी धड बोलले नाहीत, नि मग मला एकटीला म्हणाले, "अगं ३४१ आली त्याचं काही नाही. तिने मला खरं सांगा म्हटलं ना."

चाळीस वर्षांचा संसार, नि मशीनवर जास्त भरवसा.

लॅबमधल्या त्या आजी इतक्या का टोचल्या ते मला इथे नीट कळतं. या आजारात आकडा माणसाच्या आधी बोलायला लागतो. घरातले सगळे आकडा ऐकतात नि मग माणसाला बोलतात, आणि मग तो माणूस आकडा लपवायला शिकतो. उपास धरा ना, आषाढी एकादशीला बाबांचा उपास असतो. घरचे सगळे म्हणायचे, बरंय, आज तरी पोट रिकामं, शुगर खाली राहील. नि दुपारी साबुदाण्याची खिचडी. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त निव्वळ पिष्ट, प्रथिनं जवळजवळ नाहीतच. वर दाण्याचं कूट, तूप, बटाटा, त्यामुळे रेघ लगेच चढत नाही, हळूहळू चढते नि तीन तास झाले तरी उतरायचं नाव घेत नाही. दोन तासांनी बघाल तर फसाल. तळणाचंही असंच, पुरी-श्रीखंड दोन तासांनी साळसूद दिसतं नि चार तासांनी वर जातं. आता हे कळल्यावर आई चिडली, "म्हणजे देवाचं पण करायचं नाही का?" करायचं की. खिचडी चार चमचे, सोबत दही, खमंग काकडी, दाण्याची आमटी. नि गोळ्या चालू असताना पूर्ण निर्जळी वगैरे करायचं तर आधी डॉक्टरांना विचारून, कारण शुगर ७० च्या खाली जाणं हे वाढण्यापेक्षा जास्त तातडीचं.

गोळ्यांचंही सांगून टाकते, कारण हे फार घरांत होत असणार. बाबांना व्होग्लिबोज चालू होती. ती आतड्यात पिष्ट तोडणारं जे रसायन असतं त्याला अडवते, म्हणजे भात-पोळीची साखर हळूहळू व्हावी यासाठी, त्यामुळे ती घ्यायची पहिल्या घासाबरोबर. मेडिकलमधून आलेल्या पाकिटावर घाईत "जेवणानंतर" असं लिहिलेलं होतं, नि बाबा इमानेइतबारे हात धुऊन आल्यावर घ्यायचे. अन्न पुढे गेल्यावर मागून गोळी जाऊन काय करणार. आणि ही गोळी चालू असताना दुसऱ्या कुठल्या औषधाने शुगर एकदम खाली गेली तर साधी साखर किंवा पेढा पटकन उपयोगी पडत नाही, कारण साखर तोडणंही तीच गोळी अडवते, तिथे ग्लुकोजची पावडरच लागते. आईच्या कपाटात तो डबा आहे तो म्हणूनच. प्रत्येक गोळी कधी घ्यायची ते चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच स्पष्ट विचारा हो, संकोच करू नका.

तर आता बाबांची एक वही आहे. शाळेच्या वहीत रेघा मारलेल्या, काय खाल्लं, किती वाजता सुरू केलं, चाललो का, आकडा. आजोबांच्या कॅलेंडरचं मी त्यांना काहीही बोलले नव्हते, त्यांनी आपणहून तसंच सुरू केलं. आकडा २१० आला तर मी आता शेजारच्या रकान्यात बघते. तिथे "लग्न, मठ्ठा, जिलबी १" असेल तर मला आनंदच होतो की त्यांनी लिहिलं. नि काहीच वेगळं खाल्लेलं नसताना २१० असेल तर काळजी वाटते, कारण मग झोप झाली नसेल, ताप येऊ घातला असेल, कुठे जखम असेल, किंवा गोळी बदलायची वेळ आली असेल. तोच आकडा नि दोन वेगळी कारणं.

नि आता आई.

सेन्सर संपल्यावर मशीन परत टेबलावर आलं होतं, नि एका दुपारी माझ्या मुलीला सगळ्यांची बोटं टोचायची हौस आली. माझी ११२, भावाची १२४. आई भांडी आवरत होती, "मला कशाला, माझी दरवर्षी नॉर्मल असते." खरंच असायची, फास्टिंग ९७, ९४. मुलीने ओढत आणून बसवलं. १८६. दोनदा हात धुवून, परत १८२. आम्ही सगळे गप्प. मग लॅबमध्ये रीतसर ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून केली, त्या पाण्याने तिला मळमळायला लागलं तरी तिने ते पाच मिनिटांत संपवलं, नि दोन तासांनी १७२. एचबीएवनसी ६.१. डॉक्टर म्हणाले अजून डायबेटीस नाही, दोनशेच्या आत आहे, पण १४० च्या वर म्हणजे उंबरठ्यावर. चेन्नईच्या अभ्यासात, २००६ मधला तो, अशाच उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार नि चालणं बदललं तर तीन वर्षांत डायबेटीस होण्याचं प्रमाण चौथ्या हिश्श्याहून जास्त कमी झालं होतं, तेव्हा आत्ता लागलात तर खूप करता येईल.

डॉक्टरांनी विचारलं, "दुपारी काय जेवता?" आई म्हणाली, "सगळ्यांसारखंच." मी तोंड उघडणार होते पण थांबले, नि घरी आल्यावर दोन-तीन दिवस नुसतं बघत राहिले. आई जेवते सगळ्यांनंतर, अडीच-तीनला. तोवर उसळ संपलेली असते, कोशिंबिरीच्या वाटीत नुसतं पाणी, भाजी चमचाभर. भात मात्र उरलेला असतो. भात नेहमीच उरतो. ती तो पातेल्यातच आमटीत कालवते, "टाकायचा कशाला", नि उभ्या उभ्या खाते, नि मग लगेच जरा आडवी होते कारण पहाटेपासून उभी असते. बाबांच्या ताटात आधी कोशिंबीर, मग उसळ, मग मोजून भात असं रोज वाढणारी तीच, नि तिच्या स्वतःच्या वाट्याला बरोबर उलटं. भात तेवढा पोटभर, बाकी काही नाही, नि वर चालणंही नाही. वर्षानुवर्षं. नि फास्टिंग नॉर्मल म्हणून कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता तिच्यासाठी उसळ नि कोशिंबीर आधी झाकून ठेवायची असं ठरलंय, बाबाच ठेवतात. ती पहिल्या आठवड्यात ते परत मुलांना वाढून टाकायची. आम्ही म्हणतो सगळ्यांबरोबर बस, ती म्हणते मग गरम पोळी कोण देणार, भाऊ म्हणतो गरम नको, ती म्हणते तुला काय कळतं. बाबांच्या वहीत तिच्यासाठी वेगळी पानं केलीत, त्यात ती आकडा लिहिते नि "काय खाल्लं" चा रकाना कोरा सोडते, लिहायला काय लाजायचं असं विचारलं तर म्हणते, "माझं काय लिहायचं, उरलेलं." हे उत्तर मला मान्य नाही. ऑक्टोबरात तिची एचबीएवनसी परत करायचीय, तोवर रोज दुपारी मी फोन करून विचारणार आहे की जेवलीस का, किती वाजता, कुणाबरोबर, नि आधी काय खाल्लंस.